जिवंत माणसाची श्रद्धांजली

त्या हिवाळ्यात मला माझ्या गालातल्या गाठीपेक्षा आमच्या नाटक मंडळीच्या मालकाचा राग जास्त होता. आजही आहे. गाठीला निदान अक्कल नव्हती.

मी आरमोरीकडचा. पावसाळ्यात धानाची शेती आणि दिवाळीपासून होळीपर्यंत नाटक, यात माझं आयुष्य गेलं. आमच्या झाडीपट्टीत गावोगाव शंकरपट भरतात. दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. शेतातच मंडप पडतो, लोक घरून गोणपाटाचे बोरे आणि चादरी आणून बसतात, लेकी-जावई पाहुणे येतात आणि नाटक पाहिल्याशिवाय कोणी परत जात नाही. मी खलनायक करायचो. माझ्या हसण्यावर मंडळीचं नाव चालतं असं मालकच लोकांना सांगायचा. पडदा उघडायच्या आधी मी आतून एकदा हसलो की पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात शिरायची आणि बाया मला शिव्या द्यायला लागायच्या. दुसऱ्या दिवशी त्या गावात मला कोणी चहाला बोलवत नसे, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

मालक पूर्वी स्वतः नट होता. नायकाची कामं करायचा. पोट सुटलं तशी त्यानं स्वतःची मंडळी काढली आणि वडशाला बुकिंगचं ऑफिस थाटलं. मला पहिल्यांदा स्टेजवर त्यानंच उभं केलं, म्हणून मी त्याला भाऊ म्हणत आलो. खर्रा मात्र मला कोणी शिकवला नाही. तो आमच्याकडे शिकवावा लागत नाही. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून गालात धरला की तालीम सरते, झोप पळते, भूक मरते. पहिल्यांदा गालात जखम झाली तेव्हा ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं, तरी त्या वर्षीचा अर्धा सीझन मी केला. पुढच्या पावसाळ्यात रोवणी चालू असताना जिभेला त्याच गालात पुन्हा काहीतरी टोचायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता कापायला जागा उरली नाही आणि तिथे पुन्हा शेक देता येत नाही.

मालक भेटायला आला. बाजेवर बसला आणि रडला. खरोखर रडला, मी नटाचं रडणं ओळखतो. डोळे पुसून झाल्यावर म्हणाला, "यंदाच्या सीझनचं काय करायचं?"

"संक्रांतीनंतर येतो ना भाऊ."

"ये, ये. तुझी जागा कुठी जाते?"

माझी जागा राजुऱ्याकडच्या एका तरुणाला त्याच आठवड्यात देऊन झाली होती. ते मला नंतर कळलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नाटक थांबत नसतं.

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात अशा परतलेल्या गाठींवर एक नवी चाचणी चालू होती. तिथल्या डॉक्टर बाईंनी मला आणि माझ्या बायकोला समोर बसवून सगळं सांगितलं. त्या घाईत नव्हत्या, हे मला अजून लक्षात आहे.

"आधी हाताच्या शिरेतून एक औषध देऊ," त्या म्हणाल्या. "ते अतिशय बारीक कणांमध्ये भरलेलं असतं. एवढे बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. ते कण रक्तातून फिरत फिरत गाठीत जाऊन साठतात. औषध एकटं काही करत नाही. त्याच्यावर लाल उजेड पडला की मग ते पेटतं आणि आजूबाजूच्या पेशी मारतं. म्हणून आम्ही बारीक नळीतून तुमच्या गालात उजेड सोडणार."

"म्हणजे जाळणार," माझी बायको म्हणाली.

"जवळपास. पण तेवढ्यावर भागत नाही. गाठीची मुळं कुठे कुठे गेली आहेत ते आपल्याला दिसत नाही. ती तुमच्या शरीराला शोधावी लागतील. शरीरात शिपाई असतात, पण या गाठीनं त्यांना थोपवून धरलंय. उजेडानं गाठ फुटली की तिचे तुकडे शिपायांना दिसतात, ओळख पटते. मग आम्ही दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून दुसरं औषध देतो. ते शिपायांना थोपवणारा हात बाजूला करतं."

मी विचारलं, "म्हणजे शरीरच बदला घेतं?"

बाई हसल्या. "तसं म्हणा. पण घेईलच याची खात्री मी देत नाही. ही चाचणी आहे. काहींना उपयोग होतो, काहींना नाही."

मला एवढं पुरेसं होतं. आयुष्यभर मी दर नाटकात बदला घ्यायला निघायचो आणि शेवटच्या अंकात मरायचो. या वेळी बाजू बदलून पाहू म्हटलं. सह्या केल्या.

औषध चढवल्यावर लगेच उजेड देत नाहीत. कण गाठीत साठेपर्यंत थांबावं लागतं. मग एका सकाळी मला टेबलावर झोपवलं, डोळ्यांवर जाड काळा चष्मा चढवला, गाल बधिर केला आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं. पूर्ण झोप लागली नाही. गालात काहीतरी सरकतं आहे आणि चष्म्याच्या कडेनं तांबूस काहीतरी दिसतं आहे, एवढं कळत होतं. दुखलं ते नंतर. संध्याकाळी गाल वांग्यासारखा सुजला आणि आतून कोणी निखारा धरल्यासारखं वाटायला लागलं. दोन दिवस मी फक्त पातळ घेतलं, तेही नळीनं. काळी खपली धरली तेव्हा बाईंनी आत टॉर्च मारून पाहिलं आणि "मेलंय" असा एकच शब्द बोलल्या. इतका गोड शब्द मी तोवर ऐकला नव्हता.

पण त्या औषधाची एक अट होती. कण गाठीत जास्त जातात हे खरं, तरी थोडं औषध कातडीतही उरतं, आणि कातडीला गाल कोणता नि कपाळ कोणतं हे कळत नाही. उजेड पडला की तेही पेटतं. म्हणून काही आठवडे ऊन वर्ज्य. खिडकीतून येणारं ऊनसुद्धा. मोठे दिवे, हॅलोजन वर्ज्य. ऊन लागू नये म्हणून लावायच्या क्रीमचा काही उपयोग नाही. बाहेर पडायचंच झालं तर सूर्य मावळल्यावर, हातमोजे आणि डोक्यावरून जाड कापड घेऊन. गंमत म्हणजे पूर्ण अंधारातही बसायचं नाही. खोलीत मंद दिवा ठेवायचा, त्यानं कातडीतलं औषध हळूहळू उतरतं. बायकोनं हे सगळं दोनदा विचारून घेतलं.

आम्ही रात्रीच्या गाडीनं गावी आलो. तिनं आमच्या मधल्या खोलीच्या छपरावरच्या कवेलूंमधल्या फटी ताडपत्रीनं बुजवल्या, खिडकीवर घोंगडं ठोकलं आणि कोपऱ्यात छोटा बल्ब लावला. मग मालकाला फोन केला. माझ्यासमोर केला. "भाऊ, लाइटीचं काम चांगलं झालं म्हणते डॉक्टरीन बाई. आता आराम हाये." पलीकडून तो "छान झालं, छान झालं" म्हणताना मी ऐकला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. मी जिवंत आहे हे त्या माणसाला माहीत होतं.

त्या खोलीत मी बसून असायचो. बाहेर धानाची मळणी चाललेली, पोपट ओरडायचे, एसटीचा हॉर्न ऐकू यायचा. सीझन ऐन भरात होता आणि मी घोंगड्याआड.

एका सकाळी एसटी थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ रडणं. कोणी बाई रडत रडत आमच्या गल्लीत शिरत होती. मला आधी वाटलं शेजारी कोणी गेलं. मग तो आवाज ओळखीचा वाटायला लागला. माझी मोठी बहीण, सिंदेवाहीकडे दिलेली. ती "माह्या बापू रे, सांगतलं बी नाई कोनं रे" असं म्हणत अंगणात आली, माझ्या बायकोच्या गळ्यात पडली आणि बायकोला काही बोलूच देईना. शेवटी बायकोनं तिला तसंच धरून आत आणलं. दार लागलं. मंद बल्बच्या उजेडात मी सुजलेला गाल आणि डोक्यावर काळं फडकं घेऊन बसलेलो. बहीण किंचाळली आणि खालीच बसली.

"बाई, मी हाओ," मी म्हणालो. तोंड नीट उघडत नव्हतं, त्यामुळे तेही भुतासारखंच निघालं असणार.

तिनं उठून माझ्या पाठीत दोन धपाटे घातले. "मेला नाईस तं सांगाले काय झालतं?"

पाणी प्याल्यावर तिनं सांगितलं ते असं. मूलच्या बाजूला एका गावात शंकरपट होता. माझा भाचेजावई नाटक पाहायला गेला होता. पडदा उघडला तर स्टेजवर खुर्ची, खुर्चीवर माझा फोटो, फोटोला हार. मालक माइकवर आला आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, की आपले लाडके खलनायक आज आपल्यात नाहीत. मग त्यानं अख्ख्या मंडपाला दोन मिनिटं उभं केलं. बाया रडल्या. ज्या बायांनी मला जन्मभर शिव्या घातल्या त्या रडल्या. आणि मालकानं जाहीर केलं की यंदाचे सगळे प्रयोग त्यांना अर्पण. असं गावोगाव चाललं होतं म्हणे.

मी बायकोला फोन लावायला सांगितला. मालकानं उचलला.

"भाऊ, मी मेलो काय?"

तो म्हणाला, "अरे, मी मेला कुठी म्हटलं? आपल्यात नाहीत म्हटलं. तू आहेस काय आमच्यात? घरीच आहेस ना?"

"आन् हार?"

"हार सत्काराले बी घालतेच की. तू डोकं तापवू नको, तब्येतीले बरं नाई. लोकाईचं किती प्रेम हाये तुह्यावर, पाहाले पायजे होतं तू."

मी फोन भिंतीवर मारला असता, पण तो बायकोचा होता.

पुढचे काही दिवस मी दुसरा विचारच केला नाही. औषधाची वेळ, गुळण्या, पेज, आणि मधला सगळा वेळ मालक. त्याला कुठे गाठायचं, काय बोलायचं, कोणत्या वाक्यावर तो पांढरा पडेल. मी संवाद रचायचो, मोडायचो, पुन्हा रचायचो. बायको म्हणायची, "त्या माणसाले डोक्यात घेऊन काऊन बसले? डोकं का त्याचं घर हाये?" पण खरं सांगतो, त्या रागानंच मी पेज गिळत होतो. जखमेतून पेज जाताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी मनात म्हणायचो, गिळ, त्याच्यासमोर उभं राहायचं आहे.

संधी लवकरच आली. आमच्या गावापासून थोड्याच अंतरावरच्या गावात पट होता आणि नाटक याच मंडळीचं. बायकोचा भाऊ मोटारसायकलवर मला नेणार असं मी ठरवलं. बायकोला कळलं तेव्हा तिनं हातमोजे माझ्यासमोर आपटले.

"डॉक्टरीन बाईनं काय सांगतलं?"

"सूर्य मावळल्यावर चालते म्हणलं."

"हॅलोजन चालते म्हणलं काय?"

"मी मागं बसतो. अंधारात."

तिला मी ओळखतो तसं ती मला ओळखते. तिनं वाद घातला नाही. घोंगडं काढून माझ्या अंगावर टाकलं, दुसरं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "चाला. मी बी येईन."

दिवस बुडाल्यावर आम्ही निघालो. मंडपात सगळ्यात मागे, खांबाच्या आडोशाला बसलो. थंडी होती, सगळेच डोक्यावरून काहीबाही घेऊन बसलेले, त्यामुळे माझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. नाटक सुरू व्हायच्या वेळेला पडदा उघडला. खुर्ची होती. फोटो होता, माझ्या चांगल्या दिवसांतला, मिशीवाला. मालक पांढऱ्या झब्ब्यात माइकवर आला.

"रसिक मायबापहो," तो म्हणाला, आणि थांबला. थांबणं त्याला फार सुंदर जमतं. "ज्यांच्या हास्यानं ही झाडीपट्टी थरारली, ते आमचे जिवाभावाचे मित्र आज आपल्यात नाहीत. कृपया दोन मिनिटं उभे राहूया."

सगळे उठले. मीही उठलो. माझ्यासाठी मी उभा राहिलो. शेजारची एक म्हातारी पदरानं नाक पुसत होती आणि मला म्हणाली, "लय बदमाश होता मेला, पन काम लय भारी करे." मी मान हलवली.

दोन मिनिटं संपायच्या आत मी चालायला लागलो. मधल्या वाटेनं, उभ्या लोकांच्या मधून, सरळ स्टेजकडे. बायकोनं मागून हाक मारली ती मी ऐकली नाही. पायऱ्या चढलो, मालकाच्या समोर गेलो आणि डोक्यावरचं घोंगडं, फडकं, हातमोजे सगळं काढून खाली टाकलं.

मालकाचा चेहरा मी आजवर ज्या ज्या प्रकारे कल्पिला होता त्यापेक्षा चांगला झाला. तोंड उघडं, माइक खाली. पुढच्या रांगेतून कोणी तरी किंचाळलं, मग एकच कल्ला. माझ्याकडे रचून ठेवलेली वाक्यं होती. मी माइक त्याच्या हातातून घेतला, आणि जबडा उघडेना. जखम ओढली गेली, जीभ हलेना. एकही वाक्य आलं नाही. म्हणून मी हसायला गेलो. ते माझं जुनं हसणं. निघाला तो फुटक्या भात्यासारखा आवाज, पण लोकांनी ओळखला. अख्खा मंडप दणाणला. टाळ्या, शिट्ट्या.

आणि तिथेच मी हरलो. कारण मालक नट होता. तेवढ्या वेळात त्यानं स्वतःला सावरलं, मला मिठी मारली, माइक परत घेतला आणि ओरडला, "रसिकहो! मृत्यूला हरवून आले! खास तुमच्यासाठी, आपल्या मंडळीच्या या मंचावर, साक्षात!" फोटोवरचा हार काढून त्यानं माझ्या गळ्यात घातला. लोकांना वाटलं हे सगळं आधीच ठरलेलं. खालून कोणी ओरडत होतं, "वन्स मोअर!" मी त्याला ढकलायला गेलो तर त्यानं माझा हात वर धरला, मुठीत घट्ट, जिंकलेल्या पैलवानाचा धरतात तसा. लोक मोबाइल उंच करून फोटो काढत होते. दोन्ही बाजूंचे हॅलोजन आमच्यावर होते. मला ते जुने, सवयीचे वाटले आधी. मग कपाळाला मुंग्या आल्या. मग मुंग्यांच्या सुया झाल्या.

"लाइटी बंद करा! लाइटी बंद करा म्हणलं ना!" बायको खालून ओरडत होती. कोणी ऐकलं नाही. ती स्वतः स्टेजवर चढली, तिचं घोंगडं माझ्या डोक्यावर टाकलं आणि मालकाचा हात माझ्या मनगटावरून सोडवला. सोडवताना तिनं त्याच्या बोटांना नखं लावली, हे तिनं मला नंतर घरी समाधानानं सांगितलं. लोकांना तेही नाटकच वाटलं. त्यावरही टाळ्या झाल्या.

सकाळपर्यंत कपाळ, नाक आणि दोन्ही हातांच्या पाठी भाजल्यासारख्या लाल झाल्या होत्या. कपाळावर फोड आले. आम्ही गाडीच्या काचांना चादरी लावून नागपूरला गेलो. डॉक्टर बाईंनी पाहिलं, मलम लिहून दिलं, आणि मग खुर्चीत बसून हळू आवाजात विचारलं, "कुठे गेला होतात?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, त्याही मालकाला शिव्या देतील.

"म्हणजे राग त्याच्यावर आणि भाजून तुम्ही घेतलंत," त्या म्हणाल्या. "मला हे चाचणीच्या कागदांत नोंदवावं लागेल. आणि कातडी बरी होईपर्यंत पुढची सलाईन थांबवते आहे. गाठ थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

मला शरम वाटली असं नाही. मला एकच गोष्ट जाळत होती, की मी गेलो त्याला बुडवायला आणि त्याचा प्रयोग गाजवून आलो.

पुढे तर त्यानं कहर केला. वडशाच्या चौकात पोस्टर लागलं. माझा मिशीवाला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, मृत्यूवर मात करणारा खलनायक. गावोगाव जाहिरात, आज मंचावर प्रत्यक्ष दर्शन. लोक गोळा व्हायचे आणि ऐन वेळी मालक सांगायचा, तब्येत बरी नसल्यामुळे आज येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवूया. आधी त्यानं मला मेलेला दाखवून नाटक चालवलं आणि मग जिवंत दाखवून. मी दोन्हीकडून त्याच्या कामाला आलो.

कातडी बरी झाली. सलाईन पुन्हा सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी नागपूर, एक खुर्ची, हातात सुई, बाजूला दुसरे तसेच लोक. मधे अंगावर पुरळ उठलं, जुलाब लागले, एकदा ताप आला. बाई म्हणाल्या, शिपाई जागे झाले की घरातलीही भांडी फोडतात. त्यावरची औषधं झाली. होळीनंतर स्कॅन झाला. बाईंनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली आणि मला काही न सांगता नुसतं पाहू दिलं. आधीच्या चित्रात गालात जे होतं ते दुसऱ्यात जवळपास नव्हतं. मानेतली एक छोटी गाठ, जिच्यावर उजेड कधी पडलाच नव्हता, तीही आकसली होती.

"बरं झालं म्हणू?" बायकोनं विचारलं.

"आज चांगलं आहे म्हणा," बाई म्हणाल्या. "एवढंच मी म्हणते आहे."

मी त्या चित्राकडे बराच वेळ पाहत होतो. माझ्या रक्तातल्या कोणी तरी त्या गाठीला तिच्या लपण्याच्या जागी जाऊन गाठलं होतं. मला त्यांचा हेवा वाटला.

मे महिन्यात मालक घरी आला. भर दुपार, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कातडीतलं औषध केव्हाच उतरलं होतं. मी रोज सकाळी शेतावर जात होतो. पण हे त्याला माहीत नव्हतं. गाडीचा आवाज ऐकून मी खिडकीतून पाहिलं आणि बायकोला म्हणालो, "त्याले सांग, मले उजेड चालत नाई. दार उघडता येत नाई. अंगणातूनच बोला म्हणा."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग गेली. जाताना तिनं कडुनिंबाखालची बाज उचलून भिंतीला उभी केली आणि सावलीत शेळी आणून बांधली. मी सांगितलं नव्हतं.

"काय रे, कसा हायेस?" मालक बंद दारापाशी येऊन म्हणाला.

"उजेड चालत नाई भाऊ. काय काम?"

काम असं होतं, की पुढच्या सीझनसाठी त्यानं नवीन नाटक लिहून घेतलं होतं. मेलेला खलनायक परत येतो आणि बदला घेतो. माझ्यासाठीच लिहिलेलं. गावोगावचे लोक माझ्याच नावानं विचारत होते.

"कथा तं ऐकवा," मी आतून म्हणालो.

त्यानं थोडक्यात सांगितली.

"अशी नाई. पयला अंक करून दाखवा. मले दिसत नाई, ऐकूनच समजावं लागते."

आणि त्यानं केला. आमच्या अंगणात, मेच्या उन्हात, तो माणूस माझे संवाद म्हणत उभा राहिला. एके काळी मोठा नट होता, विसरला नव्हता. आवाज चढवायचा, थांबायचा, नायिकेचंही बोलायचा. शेजारच्या बाया कुंपणाशी आल्या. कोणी हसलं. त्याचा झब्बा पाठीला चिकटला, तो डोक्यावर रुमाल टाकून पुढे म्हणत राहिला. दाराच्या फटीतून मी त्याला पाहत होतो आणि मला एक क्षणही दया आली नाही. अंक संपला तेव्हा तो भिंतीला हात टेकून उभा होता.

"कसं वाटलं?"

मी कडी काढली. दार उघडून उघड्या डोक्यानं बाहेर आलो आणि त्याच्यासमोर उन्हात जाऊन उभा राहिलो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, वर सूर्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "चालते का तुले ऊन?"

"कवाचंच चालते."

या वेळी सावरायला त्याच्याकडे मंडप नव्हता, माइक नव्हता. कुंपणावरच्या बाया तेवढ्या होत्या, आणि त्या माझ्या बाजूच्या होत्या. मी म्हणालो, "नाटक चांगलं हाये. पन मी तुमच्याकडं करणार नाई. वडशाच्याच दुसऱ्या एका मंडळीले हो म्हणलं मी."

ते खोटं होतं. तोवर कोणालाच हो म्हटलं नव्हतं. तो गेल्यावर मी त्या मंडळीला फोन केला.

जाण्याआधी माझ्या बायकोनं त्याला पाण्याचा गडवा दिला. मला ते आवडलं नाही आणि मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "घरी आलेल्याले पानी नाई द्यावं अशी मी कोनाची बी दुश्मन नाई." तो उभ्यानं प्यायला, गडवा ओट्यावर ठेवला आणि गाडीत बसला.

पुढच्या सीझनला मी दुसऱ्या मंडळीत उभा राहिलो. खलनायक नाही करता येत, आवाज तेवढा चढत नाही आणि काही अक्षरं घसरतात. वयस्कर सावकाराचं छोटं काम करतो, जो बसून बोलतो. दिव्यांपुढे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा कपाळ आपोआप आक्रसलं, मग सैल झालं. जिथे दोन्ही मंडळींचे मंडप एकाच पटात पडतात तिथे मी दिवसाच जाऊन पाहून येतो की त्याच्याकडे किती बोरे अंथरले आहेत. एकदा आमच्याकडे जास्त होते. एकदा त्याच्याकडे. दोन्ही वेळा मला झोप लागली नाही.

सलाईन अजून चालू आहे. दर काही महिन्यांनी स्कॅन होतो आणि त्याच्या आदल्या दिवशी बायको कोणाशी बोलत नाही. डॉक्टर बाई अजूनही "आज चांगलं आहे" याच्या पुढे जात नाहीत.

मालकाचा फोन कधीमधी येतो. मी उचलतो. काही बोलत नाही. तो हॅलो, हॅलो करत राहतो, माझं नाव घेतो, तब्येत विचारतो, मग शिवी देतो, मग पुन्हा तब्येत विचारतो. तो कंटाळून ठेवेपर्यंत मी फोन कानाशी धरून बसतो.